विहीणबाईंचा समुद्र

पाणी या विषयात आमच्या घराण्याला काही शिकवील, असा माणूस अजून जन्माला यायचा आहे! देवगाव रंगारीच्या आमच्या मळ्यातली विहीर माझ्या आजेसासऱ्यांनी खोदलेली. माझा मुलगा बद्रीनाथ पाटबंधारे खात्यात इंजिनियर. पैठणला धरण झाले तेव्हा भरलेला नाथसागर पाहायला मी जातीने गेले होते. पलीकडचा काठ दिसत नाही, हे खात्रीपूर्वक पाहून "ठीक आहे" असा अभिप्रायही मी दिला होता. सबब, समुद्र नावाच्या वस्तूचा बाऊ करण्याचे मला काहीच कारण नव्हते.

परंतु बाऊ करणारी माणसे घरातच आली. बद्रीनाथाची पहिली नेमणूक कोकणात झाली आणि बदलीच्या हुकुमाबरोबर तो तिथून सूनही घेऊन आला. नलिनी मुलगी गुणाची आहे, यात वाद नाही. फक्त वरणात खोबरे घालते. तिच्या आई वच्छलाबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, समुद्रकाठच्या एका खेड्यात नारळाच्या वाडीत एकट्या राहतात.

आता आमच्याकडची रीत अशी, की मे महिना लागला की औरंगाबादच्या घराला कुलूप लावून सगळ्यांनी देवगावला मुक्कामी जायचे. पोरांनी आंबे खायचे, विहिरीत डुंबायचे. सुनेने पापड, कुरडया, सांडगे घालायचे. नलिनीचे माहेरपण त्याआधीच्या चार दिवसांत उरकत असे. पाचव्या दिवशी कुरडयांचा गहू भिजलेला असायचा. लग्न होऊन दहा वर्षे झाली होती, पण त्या गव्हाने तिला एकदाही सवड दिली नव्हती.

त्या वर्षी मात्र घरात बंड झाले!

"आजी, आम्हाला यंदा अख्खा मे महिना समुद्राच्या आजीकडं राहायचंय," माझी आठ वर्षांची नात मैथिली म्हणाली.

"समुद्राची आजी? आणि मी कोण गं?"

"तू देवगावची आजी," पाच वर्षांच्या बन्सीने मला समजावले. शर्यतीत दुसऱ्या आलेल्या मुलाला गुरुजी पेन्सिल देतात, तसा त्याचा सूर होता.

"आणि काय आहे रे तिथं, जे देवगावात नाही?"

"खूप आहे!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. नलिनी झारा हातात धरून दाराआड उभी होती. पोरे महिनाभर राहिली तर त्यांच्या आईलाही राहावे लागणार, हा हिशोब मला कळत नाही असे का कोणाला वाटते!

मी निकाल दिला. "मी स्वतः येऊन बघीन. देवगावात नाही असं एक जरी तिथं आढळलं, तर पोरं आणि पोरांची आई, सगळी महिनाभर तिथं. नाही आढळलं, तर तिसऱ्या दिवशी जीप माघारी, आणि हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही."

"म्हणजे तू समुद्राची परीक्षा घेणार?" आमचे यजमान नानासाहेब वर्तमानपत्रामागून म्हणाले.

"घेणार."

"त्याला कळवलंय का?" एवढे बोलून ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

निघण्याच्या आदल्या दिवशी नलिनी पोरांना हळू आवाजात बजावत असलेली मी ऐकली. "जे जे सापडेल ते आजीला दाखवा रे. काही म्हणजे काही सोडू नका!" माझे मन क्षणभर हलले. पण परीक्षा म्हणजे परीक्षा.

बद्रीनाथाने जीप हाकली आणि आम्ही अंगाचे खुळखुळे होऊन विहीणबाईंच्या दारात उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे लटांबर समुद्रावर निघाले. मी सोबत धपाटी, वांग्याचे भरीत, ठेचा, दही, पाण्याची घागर, सतरंजी, तक्क्या आणि पूजेचे साहित्य घेतले होते. विहीणबाईंनी फक्त करंज्यांचा एक डबा घेतला होता.

समुद्र दिसला. मोठा होता, हे कबूल केले पाहिजे. पाणी बरेच आत गेलेले होते आणि समोर ओल्या वाळूचे मैदान चकचकत होते.

"कसा आहे, आत्याबाई?" नलिनीने श्वास रोखून विचारले.

"नाथसागरही असाच दिसतो."

"पण हा खारट आहे, आजी!" बन्सी ओरडला.

"आपल्या गायरानातल्या विहिरीचं पाणी कुठं गोड आहे?"

पोरे हरणारी नव्हती. ती धावत सुटली आणि परीक्षेचे पेपर घेऊन येऊ लागली. मैथिलीने पाच पायांचा तारामासा तळहातावर धरून आणला. मी म्हटले, "चक्रीफूल. आपल्या मसाल्याच्या डब्यात ढिगानं आहे." बन्सीने काठीवर एक थलथलीत पारदर्शक गोळा आणला. मी म्हटले, "साबुदाण्याची खीर आटली नाही की अशीच होते. तुझी आई पहिल्या वर्षी करायची." नलिनीची मान खाली गेली. प्रत्येक पेपराला मी शून्य देत होते आणि तिचा चेहरा प्रत्येक शून्यागणिक उतरत होता.

मग विहीणबाईंनी ओल्या वाळूकडे बोट दाखवले. लहान लहान गोळ्यांची सुबक नक्षी दूरवर पसरली होती.

"ही रांगोळी बघा, विहीणबाई. खेकड्यांनी घातलीय."

"अगं बाई! तुमच्याकडं खेकडे घालतात? आमच्याकडं सुना घालतात!"

नानासाहेब खोकल्याचे निमित्त करून पलीकडे गेले.

नंतर बसायची जागा ठरवायची वेळ आली. पैठणला नदीवर गेले की पात्रात, पाण्याला लागून बसावे, म्हणजे हात धुवायला सोयीचे पडते, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. वरची कोरडी वाळू भुसभुशीत; खालची ओली वाळू फरशीसारखी टणक. मी बद्रीनाथाला हुकूम सोडला, "जीप खाली घे, पाण्याजवळ."

"आई, अगं, पण..."

"इंजिनियर तू आहेस की मी?"

या प्रश्नाचे उत्तर त्याला आजवर देता आलेले नाही. जीप खाली आली.

"विहीणबाई," वच्छलाबाई चाचरत म्हणाल्या, "वर सुरूच्या सावलीत बसलो असतो तर? इथं पाणी येईल."

"कुठून येईल? आभाळात ढग आहे का एक तरी?"

त्यावर त्या गप्प बसल्या. याचे कारण सांगणे भाग आहे. मुलीकडच्या माणसांनी वरमाईचा शब्द खोडायचा नसतो, ही आपली जुनी आणि अत्यंत उपयुक्त रीत आहे. विहीणबाई त्या रीतीला घट्ट धरून होत्या. त्या नुसते म्हणाल्या, "बरं. माझे मेले गुडघे दुखतात, मी आपली वर बसते." आणि करंज्यांचा डबा काखेत मारून त्या सुरूच्या बनाकडे चालू लागल्या. जाताना त्यांनी बन्सीच्या चपलाही उचलल्या. कोकणातली माणसे जरा घाबरट असतात, असे मी मनात म्हटले.

आमची मांडामांड झाली. गोदावरीची भरतो तशी मी समुद्राची ओटी भरली. खण आणि नारळ पाण्यात सोडून हात जोडले. डोळे उघडते तो नारळ माझ्या पायाशी! पुन्हा सोडला. पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा मी पदर खोचून तो जोरात फेकला. यावेळी एका लाटेने नारळ आणला आणि दुसरीने ओला खण माझ्या पावलांवर अलगद पसरला.

"आजी, समुद्र नको म्हणतोय," बन्सी म्हणाला.

"त्याला पद्धत माहीत नाही!" मी म्हटले. इतका आतबट्ट्याचा पाहुणचार कोणत्याही नदीने माझा कधी केला नव्हता.

जेवणे झाली. नानासाहेब तक्क्याला टेकून घोरू लागले. एवढ्यात मैथिलीने आणलेल्या शिंपल्यांत मला एक शंख दिसला. काय त्याचा घाट! काय त्याचा तुकतुकीतपणा! आमच्या देवघरातला शंख त्याच्यापुढे हुरड्याच्या कणसासारखा दिसला असता. मी तो गोड्या पाण्याने धुतला, ताम्हनात ठेवला, वर हळद-कुंकू वाहिले आणि डोळे मिटून स्तोत्र म्हणू लागले.

डोळे उघडले तर ताम्हन रिकामे!

"शंख कोणी घेतला?"

कोणीच घेतला नव्हता. सगळे एका दिशेला बघत होते. मीही पाहिले. हळद-कुंकू ल्यालेला माझा शंख सतरंजीवरून नानासाहेबांच्या पोटाकडे स्वतःच्या पायांनी चालला होता!

"नारायण! नारायण!" मी दोन हात मागे सरले. "देव चालला!"

"आजी, देव नाही तो! खेकडा आहे!" मैथिली टाळ्या पिटत ओरडली. "त्याला स्वतःचं घर नसतं. तो दुसऱ्याच्या शंखात जाऊन राहतो!"

"म्हणजे घरजावईच की मेला!" मी म्हटले.

सासुरवाडीला मुक्कामाला आलेला बद्रीनाथ लाल होऊन जीपचे चाक तपासू लागला. पण मला हसायला वेळ नव्हता. पूजा केलेली वस्तू अशी निघून जाऊ देणे बरे नव्हे! शंख नानासाहेबांना वळसा घालून वाळूवर उतरला आणि कडेच्या खडकांकडे भराभर चालू लागला. त्याच्यामागे पोरे, पोरांमागे मी, माझ्यामागे नलिनी, आणि नलिनीमागे ताम्हन घेऊन बद्रीनाथ, अशी आमची मिरवणूक निघाली.

खडकांत पाण्याची डबकी साचली होती. शंख त्यांतल्या एकात बुडाला. मी गुडघे टेकून आत डोकावले.

आणि खरे सांगते, मी बोलायचे थांबले.

तळाशी एक फूल उमलले होते. जांभळे, शेवंतीसारखे. बन्सी म्हणाला, "बोट लाव, आजी." मी बोट लावले आणि त्या फुलाने ते धरले! हळूच, तान्ह्या पोराने धरावे तसे. मी बोट काढले तशी त्याने आपल्या सगळ्या पाकळ्या आत ओढून घेतल्या. त्याच्या बाजूला काचेसारखी कोळंबी होती. तिच्या पोटातले सगळे काही दिसत होते. एक मासा दगडाच्या रंगाचा होऊन माझ्याकडे टक लावून बघत होता. मी "हे काय?" विचारी, मैथिली सांगे, मी पुढच्या डबक्याकडे सरके. लुगड्याचा ओचा भिजला, अंबाडा सुटला, मला पत्ता नव्हता.

"आत्याबाई, हे देवगावात आहे का?" नलिनीने अगदी हळू विचारले.

"थांब गं, मध्ये बोलू नकोस. तो बघ, तो परत बाहेर येतोय!"

किती वेळ गेला कोण जाणे. इतक्यात नानासाहेबांचा आवाज आला.

"कोण रे तो पाणी शिंपडतोय?"

मी वळून पाहिले. आमची सतरंजी पाण्यात होती. सतरंजीवर नानासाहेब पाण्यात होते. जीपची चाके पाण्यात होती. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि पाणी मात्र एकसारखे चढत होते! याचा अर्थ पाटबंधाऱ्याच्या इंजिनियरच्या आईला सांगावा लागत नाही.

"धरणाचं पाणी सोडलं!" मी खडकावर उभी राहून ओरडले. "भोंगा न वाजवता सोडलं! पळा! पोरं वर न्या! गुरं सोडा! धान्य उचला!"

"आई, अगं, भरती..." बद्रीनाथ काहीतरी सांगू पाहत होता.

"तू नंतर तक्रार कर, आधी वडलांना उचल!"

शेजारी पुण्याच्या शिक्षकांची सहल आली होती. माझा आवाज गावातल्या पंगतीत शेवटच्या पानापर्यंत पोहोचणारा आहे. ती सगळी मंडळी भेळेच्या पुड्या टाकून धावत सुटली. एक टक्कलवाले गुरुजी धावता धावता विचारत होते, "कुठलं धरण, बाई? कुठलं धरण?"

"कुठलं का असेना! उंचावर चला!"

गुरुजी थेट सुरूच्या झाडावर चढले.

आम्ही पाण्यातून वाट काढत जीपपाशी आलो. धपाटी तरंगत चालली होती, त्यांवर समुद्रपक्ष्यांनी झडप घातली होती आणि ठेच्याशी गाठ पडलेला एक पक्षी किंचाळत आफ्रिकेच्या दिशेने निघाला होता. नानासाहेब गुडघाभर पाण्यात तक्क्या छातीशी धरून उभे होते. बद्रीनाथाने जीप सुरू केली. चाके गरगरली आणि फरशीसारख्या त्या वाळूत, लोण्यात सुरी जावी तशी, खाली गेली. मी ढकला म्हटले. ढकलली, आणखी रुतली. मी मागे घे म्हटले. घेतली, त्याहून रुतली. एक लाट आली आणि जीपमध्ये बसली.

"विहीणबाई!"

मागे पाहिले. वच्छलाबाई पाण्याच्या कडेला, लुगडे वर खोचून, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या.

"आता तरी मी बोलू का?" त्यांनी विचारले.

"बोला! बोला!"

आणि त्या बोलल्या! दहा वर्षांचे साठवलेले बोलल्या! "नलू, वाडीतला काथ्याचा दोर आण! जावईबापू, उतरा खाली, इंजिन बंद करा! व्याही, तो तक्क्या फेका आधी! मास्तर, झाडावरून उतरा, धरण नाही, भरती आहे ही. दिवसातून दोनदा येते, तुमच्या जन्माआधीपासून येते! या सगळे, दोर धरा! आणि विहीणबाई, तुम्ही काही सांगायचं नाही. नुसतं ओढायचं!"

पोलीस ॲक्शनच्या धामधुमीतही मी कोणाचा हुकूम ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. पुण्याचे शिक्षक, होडीवरून धावत आलेले चार कोळी आणि मी, असे सगळे एका दोराला लागलो. विहीणबाई "होऽऽ" म्हणाल्या की आम्ही ओढत होतो. अखेर जीप, दाढ उपटून यावी तशी, भसकन बाहेर आली. मी वाळूत सपशेल बसले. सतरंजी, घागर आणि ताम्हन समुद्राने ठेवून घेतले. नारळ मात्र पुन्हा परत केला.

संध्याकाळी आम्ही विहीणबाईंच्या पडवीत बसलो होतो. नलिनी आत पोरांचे कपडे पेटीत भरत होती. तिने गृहीतच धरले होते. जीप बुडवणाऱ्या समुद्राला मी पास करीन, असे कोणाला वाटेल? बन्सी तिच्या पदराला धरून मुसमुसत होता. विहीणबाई भांडणाच्या भीतीने पुन्हा मुलीकडच्या झाल्या होत्या आणि खाली मान घालून नारळ खवत होत्या.

मी घसा साफ केला.

"नलिनी, पेटी बंद कर."

ती दारात येऊन उभी राहिली.

"आमच्याकडं पाणी एकदा खाली गेलं की गेलं. पुढच्या पावसापर्यंत त्याचं तोंड दिसत नाही. इथलं दिवसातून दोनदा माहेरी येतं. हे देवगावात नाही." मी निकाल दिला. "मुलं महिनाभर इथं राहतील. आणि तूही राहशील. कुरडया यंदा नाही झाल्या तर नाही झाल्या."

नलिनीने माझ्या पायांवर डोके ठेवले. तिचे अश्रू मला पावलांवर जाणवले. पोरांनी उड्या मारून पडवी डोक्यावर घेतली. विहीणबाईंनी खोबऱ्याच्या हातानेच डोळे पुसले. तो क्षण इतका सुंदर होता, की मला त्यात आणखी भर घालावीशी वाटली.

"आणि मीही राहते!" मी म्हटले. "त्या डबक्यांतलं अजून निम्मंसुद्धा बघून झालेलं नाही."

पोरे आनंदाने ओरडली, पण मोठी माणसे एकमेकांकडे बघत राहिली. नानासाहेब तेवढे घाईघाईने म्हणाले, "राहा, राहा! जीपनं आम्ही दोघं जाऊ. अगदी आरामात राहा!" इतक्या उत्साहाने त्यांनी माझ्या कोणत्याही बेताला कधी दुजोरा दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. मी पोरांना घेऊन खडकांवर जाऊन आले आणि वाडीत शिरते, तो जीप सुरू झालेली! मागच्या बाकावर नलिनी बसलेली. तिच्या शेजारी विहीणबाई, मांडीवर करंज्यांचा डबा.

"हे काय?"

"आत्याबाई," नलिनी अत्यंत नम्रतेने म्हणाली, "तुम्ही मुलांजवळ आहातच, तर मी देवगावला जाऊन कुरडया करून टाकते. आईला नेते मदतीला."

"मला मेलीला देवगाव बघायचंच राहिलंय," विहीणबाई म्हणाल्या. "विहीर आहे म्हणे तुमची मोठी! महिनाभर मायलेकी निवांत राहू. घर तुमचंच समजा हं, विहीणबाई!"

जीप वळली. वळणावर नलिनीने आईच्या खांद्यावर डोके टेकलेले मला दिसले. दोघी हसत होत्या. नानासाहेबही हसत होते. असे हसताना मी त्यांना निजामाचे राज्य गेले त्या दिवशी पाहिले होते, त्यानंतर थेट आत्ताच.

"आजी, भूक लागली!" बन्सीने लुगडे ओढले.

"चल, आत्ता भाकरी टाकते," मी ऐटीत म्हटले आणि विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात शिरले. चूल पेटवली, तवा ठेवला, पीठही सापडले. पुढे काय झाले ते बाहेर कोणाला सांगू नये. समोर क्षितिजापर्यंत खारे पाणी उसळत होते, आणि त्याच्या काठी बसून मी दुपारपर्यंत मिठाचा डबा शोधत होते!